घाटकोपरला छापलेली शकुंतला

आज आपण एकच चित्र पाहणार आहोत, राजा रविवर्मा यांचं ‘शकुंतलाजन्म’. मेनका तान्ही मुलगी पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो आहे.

रविवर्म्यांच्या छापखान्यातून १८९४ साली बाहेर पडलेलं हे पहिलं चित्र मानलं जातं. तो छापखाना आपल्या घाटकोपरला होता. चित्रांना मागणी एवढी, की दोन हात पुरणार नाहीत. तेव्हा ती युरोपात पाठवून छापून घ्या, असं सर टी. माधवराव यांनी त्यांना १८८४ मध्येच सुचवलं होतं. पुढे रविवर्मा आणि त्यांचे भाऊ राजराजवर्मा यांनी भागीदार घेतला आणि जर्मनीतली यंत्रं नि तंत्रज्ञ इथेच आणले. ओलिओग्राफ म्हणजे रंगीत शिळाछाप. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकाच कागदावर सगळे रंग जागा न चुकवता उतरवायचे आणि शेवटी वॉर्निश द्यायचं, की तैलचित्राची चकाकी येते.

आता मूळ कथा पाहू. महाभारताच्या आदिपर्वात मेनका मुलीला मालिनी नदीच्या काठी ठेवून निघून जाते. शकुंत पक्षी तिला राखतात, म्हणून ती शकुंतला. कालिदासाच्या नाटकात तर हा जन्म रंगमंचावर येतच नाही. अनसूया तो दुष्यंताला सांगते, तेही लाजून, अर्धवट. मग बापानं लेकीला नाकारलं, हे आलं कुठून? तो वर केलेला हात चित्रकाराचा आहे.

पुढे भर दरबारात दुष्यंत शकुंतलेला ओळख देत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. १८८० पासून किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ पाहणाऱ्या मराठी माणसालाही ते ठाऊक होतं. रविवर्म्यांनी तो नकार थेट जन्मापर्यंत मागे नेला. नवऱ्याच्या आधी बापानंच पाठ फिरवली. शिवाय कालिदासानं दुष्यंताला दुर्वासांच्या शापाची सबब दिली आहे. चित्रातल्या विश्वामित्राला कसलीच सबब नाही.

१८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पण तोवर हे चित्र घरोघरच्या भिंतींवर पोचलं होतं. ज्यांनी आदिपर्व उघडलं नाही, संस्कृत वाचलं नाही, त्यांच्यासाठी शकुंतलेचा जन्म म्हणजे हाच. अजूनही आपण कथा आठवतो तेव्हा व्यासांची आठवतो की या छापाची, हे एकदा तपासून बघा.

प्रश्न असतील तर घेऊ या.