स्वकीयांनाच जाब विचारणारी पुस्तिका

१/ सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सरकारी तपासणीवाचून छापता येत नसे. मग स्वातंत्र्याची बाजू मांडणारे लेखन कोठे छापावे? १९४४ मध्ये ते मुंबईत छापले गेले: त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांची इंग्रजी पुस्तिका ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोअन्स’, अर्थात गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण.

२/ चांदर गावचे कुन्हा पॅरिसमध्ये शिकले होते. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली.

३/ पोर्तुगीज अत्याचारांची जंत्री देऊन ही पुस्तिका थांबत नाही. गोव्यात १६८४ च्या फर्मानाने कोकणीवर बंदी घातली गेली होती. अशा दडपणाचा मनावर काय परिणाम झाला, हा कुन्हांचा खरा विषय. सत्ताधाऱ्यांची भाषा, वेष आणि रीती यांतच प्रतिष्ठा मानणारा सुशिक्षित गोमंतकीय स्वतःला भारतीय समजेनासा झाला, असे त्यांचे प्रतिपादन.

४/ यात मोठी जोखीम होती. ज्यांचे मन वळवायचे, त्यांच्याच अभिमानावर हा घाव होता. परंतु दास्य जाणवल्यावाचून मुक्तीची इच्छा कशी जागावी?

५/ १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. पुढच्याच महिन्यात कुन्हांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले.

६/ १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईत परतले. १९५८ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले. १९ डिसेंबर १९६१ चा मुक्त गोवा त्यांना पाहता आला नाही. त्यांच्या अस्थी मात्र पुढे पणजीच्या आझाद मैदानात विसावल्या.