डॉ. कमलाबाई सोहोनी आणि आपल्या मुली



कडधान्य कच्चे खाऊ नये, उसळ नीट शिजवावी, ही शिकवण आपल्याला आजीपासून मिळाली. त्यामागील कारणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणारी एक मराठी स्त्री होऊन गेली. मी सातवी शिकलेली गृहिणी. शास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ही हकीकत प्रत्येक आईला ठाऊक असावी, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

कमलाबाई माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवत ह्यांच्या त्या धाकट्या भगिनी. जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील व चुलते रसायनशास्त्रज्ञ होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. तेथील संचालक सर सी. व्ही. रामन म्हणजे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. परंतु मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला! कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, गुरू सांगतील तर रात्रीही काम करावे लागेल, आणि त्यांच्यामुळे संस्थेचे वातावरण बिघडता कामा नये. हा अपमान गिळून त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहून त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. गंमत पाहा, त्या थोर विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी दिली ती १९४८ साली! म्हणजे दार अडविणारे केवळ आपल्याकडेच होते असे नाही.

विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. विज्ञानसंस्थेत शिकवीत असता कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात, ह्याचा त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला. शिजविल्याने हे घटक बहुतांशी निकामी होतात. गोरगरिबांच्या पोषणासाठी नीरेचाही अभ्यास केला. पुढे ग्राहकांच्या संस्थेत अन्नातील भेसळ ओळखण्याचे काम केले. १९९८ साली त्या निवर्तल्या.

आज काय स्थिती आहे? साऱ्या जगात संशोधन करणाऱ्यांत स्त्रिया जेमतेम तिसरा हिस्सा. भारतात तर पाचांत एक भरणेही कठीण. विज्ञान शिकणाऱ्या मुली मात्र मुलांच्या बरोबरीने आहेत. मग ह्या जातात कोठे? आता दारावर कोणी अटी लिहीत नाही. त्या आपल्या घरातच, न लिहिता, घातल्या जातात. लग्न, बदली, बाळंतपण, सासूचे दुखणे, आणि पदवीचा कागद कपाटात.

आपल्या शहरात १९५८ पासून विद्यापीठ आहे. मुलीला शिकायला फार दूर जावे लागत नाही. तेव्हा हळदीकुंकवाला भेटल्यावर "लग्न केव्हा?" एवढेच न विचारता, "पुढे कशाचा शोध घेणार?" हेही विचारीत जाऊ. आणि सुनेला प्रयोगशाळेतून यायला उशीर झाला, तर तिचे ताट झाकून ठेवू. एवढे तरी आपल्या हाती आहे.