सुपर व्हिसा वैद्यकीय विमा

सुपर व्हिसा वैद्यकीय विमा हा कॅनडात स्थायिक झालेल्या मुलांकडे किंवा नातवंडांकडे दीर्घ मुक्कामासाठी येणाऱ्या आई-वडिलांना व आजी-आजोबांना काढावा लागणारा खाजगी आरोग्य विमा आहे. या विम्याचा पुरावा जोडल्याखेरीज कॅनडा सरकार सुपर व्हिसा देत नाही. विम्याची किमान रक्कम व मुदत सरकारने ठरवून दिलेली आहे. मात्र मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांसारख्या जुन्या आजारांना संरक्षण मिळणार की नाही, हे विमापत्रातील अटींवर ठरते. त्यामुळे व्हिसासाठी ग्राह्य धरलेला विमा प्रत्यक्ष आजारपणात पुरेसा ठरेलच असे नाही.

पार्श्वभूमी

कॅनडाने ५ नोव्हेंबर २०११ पासून आई-वडील व आजी-आजोबा यांच्या कायम निवासासाठीचे नवे अर्ज स्वीकारणे तात्पुरते थांबवले. त्याला पर्याय म्हणून १ डिसेंबर २०११ रोजी सुपर व्हिसा सुरू झाला. हा व्हिसा कमाल १० वर्षांसाठी मिळतो व त्यावर अनेक वेळा प्रवेश करता येतो. आरंभी प्रत्येक प्रवेशानंतर २ वर्षांपर्यंत राहता येत असे. ४ जुलै २०२२ पासून ही मर्यादा ५ वर्षे करण्यात आली.

कॅनडातील सार्वजनिक आरोग्यसेवा प्रांतिक सरकारे चालवतात. १९८४ च्या कॅनडा आरोग्य अधिनियमानुसार प्रांतातील रहिवासी हे तिचे लाभार्थी असतात आणि रहिवाशाच्या व्याख्येतून पर्यटक व पाहुणे वगळलेले आहेत. मुले कर भरत असली, तरी भेटीस आलेल्या आई-वडिलांच्या उपचारांचा खर्च प्रांतिक योजना उचलत नाही.

शासकीय अटी

सुपर व्हिसासाठीचा विमा पुढील अटी पूर्ण करणारा असावा लागतो :
• किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचे संरक्षण
• प्रवेशाच्या दिवसापासून किमान १ वर्षाची मुदत
• वैद्यकीय उपचार, रुग्णालयातील वास्तव्य आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च यांचा समावेश
• हप्ता पूर्ण भरल्याचा, किंवा अनामत भरून हप्ते बांधून घेतल्याचा पुरावा

केवळ दरपत्रक पुरावा म्हणून चालत नाही. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी विमा चालू असावा लागतो व सीमा अधिकारी त्याची कागदपत्रे पाहू शकतो. सुरुवातीला केवळ कॅनेडियन कंपन्यांचा विमा ग्राह्य होता. २८ जानेवारी २०२५ पासून परदेशी कंपन्यांचा विमाही चालतो. मात्र त्या कंपनीला कॅनडाच्या वित्तीय संस्था अधीक्षक कार्यालयाची मान्यता असावी लागते आणि विमापत्र तिच्या कॅनडातील व्यवसायातून दिलेले असावे लागते. भारतात प्रवासापूर्वी मिळणारा कोणताही परदेश प्रवास विमा त्यामुळे आपोआप पात्र ठरत नाही.

जुने आजार व स्थिरतेची अट

ज्येष्ठांच्या बाबतीत विमापत्रातील सर्वांत निर्णायक भाग हा आहे. काही विमापत्रे जुने आजार पूर्णपणे वगळतात, तर काही ते ‘स्थिर’ असल्यास संरक्षण देतात. स्थिरतेचा कालावधी कंपनी, वय व योजना यांनुसार बदलतो; ९०, १२० किंवा १८० दिवस असे कालावधी प्रचलित आहेत. या काळात नवे लक्षण दिसलेले नसावे, रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले नसावे, कोणत्याही तपासणीचा निष्कर्ष प्रलंबित नसावा आणि औषधात बदल झालेला नसावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अनेक विमापत्रांत औषधाची मात्रा कमी करणे हाही बदलच मानला जातो. प्रकृती सुधारल्यामुळे प्रवासाच्या तोंडावर डॉक्टरांनी गोळी कमी केली, तरी त्या आजाराचा दावा नाकारला जाऊ शकतो.

ठरावीक वयानंतर वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. तीत चुकीची किंवा अपुरी माहिती दिल्याचे आढळल्यास विमापत्र रद्द ठरू शकते, म्हणून भारतातील डॉक्टरांची औषधचिठ्ठी व तपासण्यांचे अहवाल पाहून ती भरली जाते.

हप्ता, वजावट व परतावा

हप्ता मुख्यतः वय, विम्याची रक्कम, जुन्या आजारांचा समावेश आणि वजावट यांवर ठरतो. वजावट म्हणजे दाव्यातील विमाधारकाने स्वतः भरायची रक्कम. ती वाढवल्यास हप्ता कमी होतो. व्हिसा नाकारला गेल्यास सामान्यतः हप्ता परत मिळतो. मुदतीपूर्वी मायदेशी परतल्यास, दावा केलेला नसेल तर, उरलेल्या दिवसांचा परतावा अनेक कंपन्या देतात. कॅनडात पोहोचल्यावर विमा काढल्यास आजारपणाच्या संरक्षणासाठी काही दिवसांचा प्रतीक्षा काळ असू शकतो.

मुक्काम ५ वर्षांपर्यंत असू शकतो, पण विमापत्रे बहुधा एका वर्षाची असतात. पुढील वर्षी नवे विमापत्र घेताना वाढलेल्या वयानुसार हप्ता ठरतो आणि स्थिरतेचा कालावधी नव्याने मोजला जातो. पहिल्या वर्षी उद्भवलेला आजार दुसऱ्या वर्षी जुना आजार ठरतो.

दावा

हा विमा मुख्यतः आकस्मिक उपचारांसाठी असतो; नियमित तपासण्या व नेहमीची औषधे त्यात सहसा येत नाहीत. आणीबाणीत कंपनीच्या साहाय्य केंद्राला शक्य तितक्या लवकर कळवण्याची अट असते. पूर्वसंमतीशिवाय केलेल्या शस्त्रक्रियेचा किंवा मोठ्या तपासणीचा खर्च कमी प्रमाणात मिळू शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो.

इतर व्हिसांशी तुलना

कॅनडाच्या साध्या अभ्यागत व्हिसासाठी वैद्यकीय विमा सक्तीचा नाही. त्यावर सामान्यतः ६ महिने राहता येते. अमेरिकेच्या बी-२ व्हिसासाठीही विम्याची सक्ती नाही. युरोपातील शेंगेन व्हिसासाठी मात्र किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक असतो.