दिनविशेष : २२ ऑगस्ट १९४३ – बंगालच्या उपासमारीची छायाचित्रे प्रसिद्ध

कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन' या इंग्रजांच्या मालकीच्या दैनिकाने या दिवशी शहराच्या रस्त्यांवर उपासमारीने मरणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली. संपादक होते इयन स्टीफन्स. युद्धकाळातील निर्बंधांमुळे दुष्काळाबद्दल लिहिणे कठीण होते; छायाचित्रांनी ते काम केले आणि बंगालची अवस्था दिल्ली-लंडनपर्यंत पोहोचली.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ थांबला. जपानी सैन्याच्या उपयोगी पडू नयेत म्हणून किनारी जिल्ह्यांतील होड्या सरकारने काढून घेतल्या, त्यामुळे कोळ्यांची रोजीच गेली. ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळाने झोडपले. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये घाऊक बाजारात मणाला १३-१४ रुपये असलेला तांदूळ ऑगस्ट १९४३ मध्ये ३७ रुपयांवर गेला. मजुरी मात्र जवळपास तिथेच राहिली. भूमिहीन शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांनी आधी भांडीकुंडी विकली, तुकडाभर जमीन असलेल्यांनी तीही विकली, मग कुटुंबेच्या कुटुंबे कलकत्त्याच्या वाटेला लागली. शहरातील युद्धोद्योगांच्या कामगारांना मात्र स्वस्त धान्य मिळत होते.

सरकारने अधिकृतपणे दुष्काळ जाहीर केलाच नाही. तसे केले असते तर दुष्काळसंहितेनुसार मदतकार्य बंधनकारक ठरले असते. ऑक्टोबर १९४३ मध्ये नवे व्हाइसरॉय वेव्हेल यांनी मदतीसाठी लष्कर कामाला लावले. दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाने बळींची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरचे अनेक अभ्यासक ती ३० लाखांच्या आसपास मानतात. बंगालमधील १९४३ चा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा जास्तच होता, म्हणजे उपासमारीचे कारण निव्वळ धान्याचा तुटवडा नव्हता, हे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले.