शरणपूरहून राबाईला



मिशन संडे जवळ आला की आम्ही पेडण्यातल्या दोतोर्नीच्या मुलांना मिशनऱ्यांच्या गोष्टी सांगतो. आफ्रिका म्हटलं की डॉ. लिव्हिंग्स्टन ठरलेले. यंदा एका मुलीने विचारलं, "तिथे आपल्याकडून कोणीच गेलं नाही?" तिला आम्ही नाशिकच्या शरणपूरची गोष्ट सांगितली, तीच इथे लिहितो.

आज नाशिकमध्ये शरणपूर रोड सगळ्यांना माहीत आहे. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली. (ती मंडळी अँग्लिकन, आम्ही कॅथोलिक. गोष्ट मात्र सगळ्यांची.) त्या काळी इंग्रजांची जहाजं समुद्रात गुलामांची गलबतं पकडत आणि सुटलेल्या आफ्रिकन मुलांना मुंबईत उतरवत. त्यांतली पुष्कळ मुलं शरणपूरला आली. तिथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला. आईबापांनी ठेवलेली नावं जाऊन इंग्रजी नावं मिळाली. पुस्तकांत त्यांना 'नाशिक बॉइज' म्हणतात.

लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबईला आले, तेव्हा यांच्यातले नऊ जण त्यांच्याबरोबर जायला तयार झाले. ज्या मुलखातून आपल्याला पळवून नेऊन विकलं, तिथेच पुन्हा पायी हिंडायला! सगळे टिकले नाहीत, काही जण वाटेत सोडून गेले. हेही मुलांना सांगावं, असं आम्हाला वाटतं.

१८७२ मध्ये आणखी काही जण लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला गेले. त्यांत जेकब वेनराइट होते. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबने दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. शरीर मिठात वाळवून त्या माणसांनी ते हजार मैलांहून जास्त वाट चालत किनाऱ्यावर बागामोयोला आणलं. पोहोचले तेव्हा १८७४ चा फेब्रुवारी होता. पुढे लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत जेकबही होते.

पण आमचं मन जास्त रमतं ते विल्यम जोन्स यांच्यापाशी, कारण ते आमच्यासारखेच धर्मशिक्षक. १८६४ साली ते आणि इश्माएल सेम्लर शरणपूरहून मोंबासाजवळच्या राबाई गावी गेले. तिथे मिशनरी रेबमान जवळजवळ एकटेच होते. मुलांना शिकवायचं, आजाऱ्यांकडे जायचं, रविवारी उपासना चालवायची, असं काम या दोघांनी वर्षानुवर्षं केलं. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी दोघांना डीकनची दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप युगांडाकडे निघाले आणि जोन्स त्यांच्या तांड्याबरोबर गेले. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले. ऑक्टोबरात ते आणि त्यांचे बहुतेक सोबती मारले गेले. मागे थांबलेल्या जोन्सनी उरलेल्यांना सांभाळून पुढच्या फेब्रुवारीत राबाईला परत आणलं. तांड्यापुढे निळं निशाण होतं. त्यावर एकच शब्द होता, ईखाबोद. (१ शमुवेल, अध्याय ४ काढून पाहा.)

राबाईच्या आसपास गुलामगिरी चालूच होती. मालकांकडून पळालेली माणसं मिशनच्या आश्रयाला येत आणि मालक त्यांना परत मागायला येत. जोन्स त्यांना हाकलत नसत. हे गोऱ्या वरिष्ठांना अडचणीचं वाटे, कारण मालक मिशनच जाळतील अशी भीती होती. भीती खोटी नव्हती. पण जोन्स स्वतः बालपणी विकले गेलेले, ते दार कसं लावणार? शेवटी इंग्रज व्यापारी कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई ठरवून दिली आणि १८८९ च्या आरंभी वेगवेगळ्या मिशनांतल्या मिळून सुमारे १४०० जणांना मुक्तीचे कागद मिळाले.

या मिशन संडेला मिस्सेतल्या विनंत्यांमध्ये आमची मुलं जेकब, इश्माएल आणि विल्यम ही तीन नावं वाचणार आहेत. विल्यमचं नाव त्याच मुलीने मागून घेतलं आहे.