जहाजाच्या भिंतीतले सोने : मुंबई, आखात आणि खलाशांची तस्करी (१९४७ ते १९८२)

१/
ऑक्टोबर १९५७ च्या अखेरीस 'ईस्टर्न सागा' ही आगबोट कलकत्ता बंदरात आली. झडती घेणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना जहाजात एका जागी लाकडाचा तुकडा बसवून त्यावर रंग दिलेला आढळला. तो तुकडा काढल्यावर मागे पोकळी निघाली. त्या पोकळीत सोन्याच्या १,४५८ लगडी होत्या. त्यांची किंमत सुमारे २३ लाख रुपये भरली.

२/
जहाज इंडो-चायना स्टीम नॅव्हिगेशन या ब्रिटिश कंपनीचे होते. माल आणि प्रवासी वाहून नेणारी ही जुनी कंपनी कलकत्ता ते जपान या मार्गावर जहाजे चालवीत असे. या पोकळीची आपल्याला कल्पनाही नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. मालकाला ठाऊक नसलेल्या एका भोकासाठी सबंध जहाज जप्त करता येते काय? हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी हे सोने जहाजांवर का येत होते, ते पाहिले पाहिजे.

३/
मार्च १९४७ मध्ये परकीय चलन नियमन कायदा अमलात आला आणि परवानगीशिवाय सोने आयात करणे बंद झाले. सरकारचा हेतू स्पष्ट होता. देशाकडे जे थोडे परकीय चलन आहे, ते धान्य आणि यंत्रे यांवर खर्च व्हावे, दागिन्यांवर नव्हे. परंतु लग्नसराई कायद्याने थांबत नाही. शेतकऱ्याची बचत बँकेत नव्हे, तर बायकोच्या अंगावर असे. मागणी तशीच राहिली, पुरवठ्याची वाट मात्र बंद झाली.

४/
आता आकडे पाहू. ब्रेटन वुड्स व्यवस्थेत सोन्याचा अधिकृत भाव एका औंसाला ३५ डॉलर होता. १९४९ च्या अवमूल्यनानंतर एक डॉलर म्हणजे ४.७६ रुपये. या हिशेबाने एक तोळा सोने सुमारे साडेबासष्ट रुपयांना पडे. मुंबईच्या झवेरी बाजारात तोच तोळा शंभर रुपयांच्या आसपास आणि पुढे त्याहूनही अधिक भावाने विकला जाई.

५/
म्हणजे दहा तोळ्यांच्या एका बिस्किटामागे किमान पावणेचारशे रुपयांचा फरक. बिस्किटाचे वजन ११६.६४ ग्रॅम आणि आकार काडेपेटीहूनही लहान. सोने इतके घन असते की शंभर किलो सोने जेमतेम सव्वापाच लिटर जागेत मावते. पाण्याच्या एका लहानशा बादलीत मावेल एवढ्या मालात लाखो रुपये सामावत. तस्करीला याहून सोयीचा माल शोधून सापडणे कठीण.

६/
हे सोने कोठून येई? लंडन आणि झुरिक येथून ते आखातात उघडपणे, कायदेशीरपणे पोहोचे. दुबईत सोने विकत घेणे, विकणे किंवा बाहेर पाठवणे हा गुन्हा नव्हता. गुन्हा घडे तो भारताच्या सागरी हद्दीत शिरल्यावर. पूर्वेकडे पोर्तुगीजांचे मकाव हे असेच केंद्र होते आणि डिसेंबर १९६१ पर्यंत कोकणाला लागून असलेला पोर्तुगीज गोवाही.

७/
आखात आणि मुंबई यांना जोडणारा मोठा दुवा म्हणजे ब्रिटिश इंडिया कंपनीची डाकजहाजे : दुमरा, द्वारका, दारा आणि दारेसा. मुंबई, कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत, बसरा असा त्यांचा फेरा असे. वरच्या वर्गात मोजके प्रवासी आणि डेकवर शेकडो मजूर, व्यापारी, यात्रेकरू. त्यांपैकी 'दारा' एप्रिल १९६१ मध्ये स्फोट होऊन बुडाली. त्या प्रवासात तिच्यावर ८१९ माणसे होती, त्यांतील १३२ कर्मचारी.

८/
त्या काळी दुबईला खोल पाण्याचे बंदर नव्हते. पोर्ट रशीद सुरू झाले ते १९७२ मध्ये. तोवर जहाज किनाऱ्यापासून दूर नांगरून राही आणि होड्या त्याला येऊन भिडत. माणसे, बकऱ्या, खजुराच्या पेट्या, टपालाच्या थैल्या यांची एकच गर्दी उडे. अशा गर्दीत एखादे लहानसे, जड गाठोडे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे पाहायला कोणाला सवड असणार?

९/
या जहाजांवरील कर्मचाऱ्यांची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. डेकवरच्या कामाला रत्नागिरी, कच्छ, गुजरात येथील दर्यावर्दी असत. त्यांच्यावर टंडेल आणि सर्वांवर सारंग. भोजनगृह आणि केबिनी सांभाळणारे बहुतेक गोव्याचे. काम नसताना हे गोवेकर मुंबईत आपापल्या गावाच्या 'कुडां'मध्ये राहत. कित्येकदा एका जहाजावर एकाच गावचे, एकाच कुटुंबातले लोक असत.

१०/
या नात्यागोत्यामुळे जहाज चाले. त्याच नात्यागोत्यामुळे गुपितही टिके. प्रवासी आठवड्याभरासाठी येई आणि उतरून जाई. खलाशाला मात्र जहाजाची प्रत्येक फळी ठाऊक असे. हवा खेळवणारे नळ, लाकडी आवरणांमागची जागा, स्वयंपाकघरातील पिठाच्या गोण्या, इंजिनाच्या तळाचे तेलकट पाणी. एखादी फळी उचकटून, मागे पोकळी करून, वर पुन्हा रंग द्यायचा तर हत्यारे हवीत, वेळ हवा आणि जवळून जाणाऱ्यांचे मौन हवे. हे तिन्ही कर्मचाऱ्यांपाशीच असे.

११/
अर्थात सर्वच चोरटा व्यापार सोन्याचा नव्हता. १९५७ च्या परकीय चलन टंचाईनंतर आयातीवरील निर्बंध आणखी कडक झाले. तेव्हा घड्याळे, फाउंटन पेन, नायलॉनची वस्त्रे, पुढे ट्रान्झिस्टर हे सारे खलाशांच्या पेटीतून येऊ लागले. त्यांना आपल्या सामानाची यादी अधिकाऱ्यांना द्यावी लागे. यादीत एक घड्याळ आणि मनगटापासून कोपरापर्यंत सहा, ही जुनीच युक्ती. मुंबईत दारूबंदी असल्याने विलायती मद्याची एक बाटलीही कमाई करून देई.

१२/
तस्करीचा हा प्रकार नवा मुळीच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील आणि पुढे जपानमधील कोकेन जहाजांवरील कर्मचाऱ्यांमार्फतच मुंबई आणि कलकत्त्यात उतरत असे. येथे ते विड्याच्या पानातून खाल्ले जाई. माल बदलला, सरकार बदलले, पण वाट तीच राहिली : बंदरातील दलाल, जहाजावरील विश्वासू माणूस आणि धक्क्यावरून माल बाहेर काढणारा तिसरा.

१३/
या साखळीत सर्वांत दुबळा कोण, हे वेगळे सांगायला नको. भारतीय खलाशाचा पगार दीर्घकाळ ब्रिटिश खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकाच राहिला होता. एक प्रवास संपला की दुसरा मिळेपर्यंत महिनोन्महिने घरी बसावे लागे. सोने ज्याचे असे तो सावकार दुबईत किंवा झवेरी बाजाराच्या गल्लीत बसलेला असे. नेणाऱ्याला मिळे ती केवळ हमाली.

१४/
शिक्षा मात्र नेणाऱ्यालाच होई. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यानुसार माल जप्त होई आणि मालाच्या किमतीच्या तिपटीपर्यंत दंड बसू शके. दहा बिस्किटे म्हणजे बाजारभावाने दहा हजार रुपये. दंड तीस हजारांपर्यंत. खलाशाला आयुष्यभरात फेडता न येणारी ही रक्कम होती. वर तुरुंगाची भीती आणि समुद्रावरील नोकरीला कायमचे मुकण्याची.

१५/
१९५५ मध्ये संसदेने हा कायदा अधिक कठोर केला. सोन्याच्या बाबतीत, माल तस्करीचा असल्याच्या रास्त समजुतीने तो पकडला गेला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर आली. नेहमीच्या फौजदारी तत्त्वाच्या हे नेमके उलट होते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

१६/
त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. माल लपवण्याच्या हेतूने ज्या जहाजाच्या रचनेत बदल केला आहे, असे जहाज भारतीय बंदरात येणेच निषिद्ध झाले. आले तर ते जप्तीस पात्र. 'ईस्टर्न सागा'वर हेच कलम लावले गेले. जहाज जप्त झाले आणि जप्तीऐवजी भरण्याचा दंड ठरला २५ लाख रुपये. म्हणजे सापडलेल्या सोन्याच्या किमतीहूनही अधिक.

१७/
फेब्रुवारी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तो लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. मूळचे साताऱ्याचे आणि मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेले हे न्यायमूर्ती नुकतेच सरन्यायाधीश झाले होते. कंपनीचा मुख्य मुद्दा असा होता की गुन्ह्याला दुष्ट हेतू किंवा निदान माहिती तरी असावी लागते. आम्हाला माहितीच नव्हती, मग दंड कशाचा?

१८/
न्यायालयाने हा मुद्दा मान्य केला नाही. मालकाला माहिती होती, हे सिद्ध करण्याची अट घातली, तर बहुतेक प्रकरणांत हे कलम निरुपयोगी ठरेल. दूर देशी बसलेल्या कंपनीच्या मनात काय होते, हे बंदरातील अधिकारी कसे सिद्ध करणार? कलमाचा उद्देश आणि त्यातील शब्द पाहता जहाजात तसा बदल झालेला असणे, एवढेच पुरेसे आहे, असा निर्णय झाला. अपील फेटाळले गेले.

१९/
या निकालाचा अर्थ जहाजाच्या पोटापर्यंत पोहोचत होता. माहिती नसणे हा बचाव उरला नाही, तेव्हा आपल्या जहाजावर स्वतःच पाळत ठेवणे कंपन्यांना भाग होते. बंदर येण्यापूर्वी अधिकाऱ्यांनीच झडती घ्यावी, संशयिताला पुन्हा कामावर घेऊ नये, हा त्याचा ओघाने येणारा परिणाम. त्यात दोषी सापडतो, तसा निर्दोषही भरडला जातो. एकाच गावचे दहाजण असलेल्या जहाजावर एकाच्या पेटीत बिस्किट निघाले, तर संशयाची नजर दहाही जणांवर फिरते.

२०/
सरकारला आणखी एक छिद्र बुजवायचे होते, आणि ते नोटांमध्ये होते. आखातात भारतीय रुपयाच चलन म्हणून चाले. तस्कर सोन्याची किंमत रुपयांच्या नोटांत चुकवीत. त्या नोटा आखातातील बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि रिझर्व्ह बँकेला त्यांच्या बदल्यात स्टर्लिंग द्यावे लागे. म्हणजे चोरट्या सोन्याचे बिल अखेर देशाच्याच तिजोरीतून भरले जात होते.

२१/
म्हणून १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असे आणि त्या भारतात चालत नसत. हजला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या स्वतंत्र नोटा छापल्या गेल्या. मुंबईहून मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दाला निघालेला एखादा वृद्ध यात्रेकरू त्या वेगळ्या नोटा कनवटीला बांधून जाई. त्या वेगळ्या का आहेत, याचे कारण सोन्याच्या बिस्किटांत होते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि आखातातील बहुतेक राज्यांनी रुपयाचा निरोप घेतला.

२२/
देशातही घाव बसला. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास मनाई झाली. मागणी घटेल आणि तस्करी थांबेल, ही अपेक्षा होती. तस्करी थांबली नाही. गावोगावच्या सोनारांची भट्टी मात्र विझली आणि हजारो कारागीर बेकार झाले. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये मागे घ्यावी लागली.

२३/
एव्हाना वाटही बदलत होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये सांताक्रूझ विमानतळावर एका परदेशी प्रवाशाच्या अंगावरील जाकिटात ३४ किलो सोने सापडले. जे काम खलाशाला आठवडा लावून करावे लागे, ते विमान काही तासांत करू लागले. समुद्रावर डाकजहाजांच्या जोडीला वेगवान गलबते आणि लाँचा आल्या. मालाची मालकी पूर्वीप्रमाणेच किनाऱ्यावर राहिली.

२४/
'द्वारका' हे त्या चौघींतले शेवटचे जहाज १९८२ मध्ये निवृत्त झाले. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९२ पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून सोने आणता येऊ लागले, आणि देशातला व परदेशातला भाव जवळ आला, तशी चोरट्या सोन्याची चणचण भासेनाशी झाली. चाळीस वर्षे झडत्या, दंड आणि कलमे यांना जे पूर्णपणे साधले नव्हते, ते भावातील फरक आटल्याने बऱ्याच अंशी साधले. पुढे २०१३ मध्ये आयात शुल्क दहा टक्क्यांवर गेले आणि विमानतळांवर बिस्किटे पुन्हा सापडू लागली.

२५/
'ईस्टर्न सागा'चा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो, तो हेतूविना दोष या तत्त्वासाठी. जहाज कोणाचे, कंपनी कोणती, दंड किती, हे सारे त्यात सापडते. परंतु ती फळी कोणी बसवली, त्यावर रंगाचा हात कोणी फिरवला आणि त्याला त्याबद्दल किती रुपये मिळणार होते, हे त्या निकालाचा विषय नव्हते. तस्करीच्या इतिहासात खलाशाचा उल्लेख आला, की एवढे ध्यानात ठेवावे.