दाढ, लाळ आणि निळा दिवा

गेल्या वर्षी माझ्या दाढेतलं सिमेंट भाकरीच्या घासाबरोबर बाहेर आलं. भरून दोन वर्षंही झाली नव्हती. नव्या डॉक्टरांनी आत डोकावून एवढंच विचारलं, "मागच्या वेळी रबर लावलं होतं का?" नव्हतं लावलं. गालात कापसाच्या गुंडाळ्या होत्या आणि त्या मध्येच भिजल्या होत्या, हे मला चांगलं आठवतं.

रबर म्हणजे रबर डॅम. पातळ रबरी पडदा, त्याच्या भोकातून फक्त दात वर काढायचा. अमेरिकेतल्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली तो वापरला, तेव्हा दातात सोन्याचा वर्ख ठोकून भरत. सोन्यालाही लाळ चालत नसे. चांदी मात्र बरंच सहन करते. शिवाय ती हळूहळू गंजते आणि तो गंजच कडेची फट बुजवतो. आईच्या दाढेतली चांदी माझ्या जन्माआधीची आहे, अजून जागची हललेली नाही.

मग रेझिन कशाला? एक तर ते दातासारखं दिसतं, आणि दुसरं म्हणजे दाताला चिकटतं. हे चिकटणं मायकल बुओनोकोर यांचं. रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते दाताच्या इनॅमलला लावून पाहिलं आणि १९५५ साली निबंध छापला. ॲसिडने इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात आणि पातळ रेझिन त्यांत शिरून घट्ट होतं. पण तेवढ्यात लाळ लागली, तर काही सेकंदांत तिच्यातल्या प्रथिनांचा थर त्या खाचा बुजवतो. नुसत्या पाण्याने तो पुरता निघत नाही, पुन्हा ॲसिड लावावं लागतं. माझ्या दाढेचं बहुधा इथेच बिनसलं.

राफेल बोवेन यांच्या बिस-जीएमए रेझिनला १९६२ साली पेटंट मिळालं. आजही अनेक फिलिंगांचा पाया तोच आहे. सुरुवातीला दोन लेप कालवून भरत आणि ते आपोआप घट्ट होत. सत्तरच्या दशकात अतिनील दिवा आला, मागोमाग निळा. रेझिनमधलं कॅम्फरक्विनोन हा निळा प्रकाश शोषतं आणि साखळ्या जुळू लागतात. वीस-एक सेकंदांत काम होतं.

होतं म्हणजे, डॉक्टरांचं. जुळताना रेझिन दोन-तीन टक्के आकसतं, कडेला बारीक फट राहू शकते. पुढे ते पाणी शोषतं. लाळेतली एस्टरेज विकरं त्यातले एस्टर बंध हळूहळू तोडतात. दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स जिवाणूकडेही तसलीच विकरं असतात. बार्नम यांचा पडदा अर्धा तास लाळ अडवतो, नंतर ती चोवीस तास तिथेच असते.

या खेपेला रबर लावलं. हनुवटीवरून लाळ ओघळत होती, बोलता येत नव्हतं, डॉक्टरांच्या नारिंगी काचेआडून निळा उजेड दाढेवर पडला. उठताना विचारलं, "हे किती टिकेल?"

"सहा महिन्यांनी दाखवायला या," ते म्हणाले.